आधी गाडी, मग घर

डोंबिवलीत घर बघायला गेलेल्या माणसाला एजंट पहिला प्रश्न बजेटचा विचारत नाही. "साहेब, ऑफिस कुठे?" असं विचारतो. "फोर्टला," म्हटलं की दुसरा प्रश्न येतो, "कितीला पोचायचं असतं?" आपल्याला हा आगाऊपणा वाटतो. फ्लॅट विकणाऱ्याला माझ्या मस्टरशी काय करायचंय? पण तो मनातल्या मनात हिशेब मांडत असतो. दहाला पोचायचं म्हणजे साडेआठची फास्ट. सीएसएमटीला लवकर बाहेर पडायचं म्हणजे पुढचा डबा. पुढचा डबा म्हणजे डोंबिवलीत मुंबईच्या बाजूचा पूल. त्या पुलाला येऊन भिडणाऱ्या गल्ल्या मोजक्या, त्यातल्या एका गल्लीत लिफ्टची इमारत आहे पण पार्किंग नाही, दुसरीत पार्किंग आहे पण पाणी चढत नाही, म्हणजे राहिली तिसरी. तुमच्या हातातला चहा अजून निवलेला नसतो आणि तुमचं घर ठरलेलं असतं.

इतर गावांत माणूस घर घेतो आणि मग तिथून कामावर कसं जायचं ते बघतो. आमच्या या मध्य रेल्वेच्या पट्ट्यात आधी गाडी ठरते, मग डबा, मग पूल, मग पूर्व की पश्चिम, आणि हे सगळं जुळलं की त्या ठिकाणी एखादं घर आहे का याची चौकशी होते. नसलं तर बांधतात.

याचं मूळ फार जुनं आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत आले. कापूस आणि फौजा हलवण्याच्या विचारात असलेल्या गोऱ्या साहेबाला कल्पनाही नसणार की, आपण गिरगाव-परळमधल्या माणसांची पुढची घरं आखून देतोय. पुढे १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली जुनी भाडी गोठली. जे आत होते ते आतच राहिले आणि जे बाहेर होते त्यांच्यासाठी भाड्याची नवी घरं बांधण्यात कुणाला रस उरला नाही. ज्यांच्याकडे पागडीचे पैसे होते त्यांनी दादर धरलं. ज्यांच्याकडे पास होता त्यांनी डोंबिवली धरली. २००५ मध्ये निशिकांत कामतांनी 'डोंबिवली फास्ट' काढला. शहरावरच्या सिनेमाला लोकल गाडीचं नाव दिलं तरी एकाही डोंबिवलीकराला ते विचित्र वाटलं नाही. २०२२ मध्ये 'झोंबिवली' आला, तेव्हाही नाही. संध्याकाळी सातला फलाटावर उतरणारी माणसं त्यांनी पाहिलेली होती.

आम्ही परळला भाड्याने राहत होतो. लिव्ह अँड लायसन्सचे अकरा महिने संपत आले की मालकाचा आवाज गोड व्हायचा आणि भाडं वाढायचं. तेव्हा ठरलं की, आता स्वतःचं घर. कुठे, यावर घरात चर्चा झाली ती अशी. ठाणे? ठाण्याचे भाव ऐकून बायकोने फोन स्पीकरवरून काढला. दिवा? दिव्यात घर परवडतं, गाडीत चढता येत नाही. कल्याणबद्दल बाबांचं मत असं की, जंक्शनवर माणूस गाडी बदलतो, राहत नाही. बदलापूर मला आवडलं होतं. तिथे आमच्या पैशात बाल्कनी मिळत होती, पाठीमागे डोंगर होते. पण मुंबईपासून ते अडुसष्ट किलोमीटर, म्हणजे बाल्कनीत बसायला फक्त रविवार; आणि जुलैतला रविवार असला तर आधी उल्हास नदीची खबरबात घ्यायची. २००५ आणि २०१९ च्या पुरांनी तिथल्या लोकांना तळमजला या विषयावर कायमचं शहाणं केलेलं आहे. राहता राहिली डोंबिवली. "आपली माणसं आहेत," असं आई म्हणाली. यात थोडी प्रेमाची आणि पुष्कळशी भाजीवाल्याशी मराठीत भांडता येण्याची बाजू होती.

आपली माणसं आहेत हे खरंच होतं, आणि तीच अडचण होती. माझी आत्या पश्चिमेला राहते, मामा पूर्वेला. दोघांच्या घरांमध्ये सरळ रेषेत मोजलं तर एक किलोमीटरही नसेल, पण मधून रेल्वे जाते. मामाच्या मते डोंबिवली म्हणजे पूर्व. गणेश मंदिर पूर्वेला, फडके रोड पूर्वेला, दिवाळीच्या पहाटे नवे कपडे घालून अख्खी तरुण पिढी जिथे एकमेकांना बघायला उभी असते ती जागाही पूर्वेला. टिळकनगर, रामनगर ही नावंच बघ, म्हणतो. पश्चिमेला काय आहे? आत्याचं उत्तर तयार असतं: "पश्चिमेला श्वास घेता येतो." खाडीचा वारा, मोकळे रस्ते (ते कधी मोकळे होते हे ती सांगत नाही), आणि गर्दी करायला फडके रोड नाही, हाच मोठा फायदा. २०१९ मध्ये कोपरचा रेल्वेवरचा पूल धोकादायक म्हणून वाहनांना बंद झाला आणि २०२१ मध्ये नवा होऊन उघडला, त्या काळात आत्या आणि मामा एकमेकांकडे गणपतीलासुद्धा गेले नाहीत. पुलाचं निमित्त दोघांनाही पुरलं. पूल उघडल्यावर मात्र दोघांना नवीन कारण शोधावं लागलं, आणि नेमका त्याच सुमारास आमच्या घराचा विषय निघाला.

आता आम्ही पूर्वेला घर घेतलं तर आत्या दुखावणार आणि पश्चिमेला घेतलं तर मामा. एका परिचितांनी सुचवलं की ठाकुर्लीत घ्या. ठाकुर्ली हा मधला मार्ग आहे, असं त्यांचं म्हणणं. पण ठाकुर्लीला फास्ट थांबत नाही. आणि जिथे फास्ट थांबत नाही तिथे घर घेणाऱ्याच्या पगाराबद्दल नातेवाईक हळू आवाजात बोलतात.

एजंट ही डोंबिवलीतली सगळ्यात आशावादी जमात आहे. आमच्या एजंटने शहराचा नकाशा किलोमीटरमध्ये कधीच पाहिला नव्हता. तो मिनिटांत राहायचा. प्रत्येक इमारत स्टेशनपासून पाच मिनिटांवर. फार लांब असेल तर सात. पहिल्यांदा त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून निघालो तेव्हा ती पाच मिनिटं मला खरोखर मिळाली: उलट्या दिशेच्या गल्लीतून, एका मंडपाच्या मागून, एका सोसायटीच्या आवारातून. वॉचमनने सलाम केला. मी हळूच विचारलं, "चालत किती?" तो दुखावला. "चालत कशाला साहेब, शेअर रिक्षा आहे ना!" शेअर रिक्षाचं गणित असं की, मागे तीन, पुढे ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून चौथा. चौथा बसल्याशिवाय रिक्षा हलत नाही आणि संध्याकाळी रिक्षाची रांग स्टँड ओलांडून पलीकडे गेलेली असते. एजंटच्या मिनिटांत ही रांग धरत नाहीत. रांगेत उभं राहणं हा ज्याचा त्याचा वैयक्तिक वेळ.

त्यातही भविष्यकाळात घर विकण्याची कला काही वेगळीच. पूर्वेला कल्याण-शिळ रस्त्याच्या बाजूला गेलो की, "इथून मेट्रो जाणार," असं बोट दाखवून सांगतात. खांब दिसतात, हे मान्य. "नवी मुंबई विमानतळ इथून अर्ध्या तासावर." आमच्या घरात विमानाने जाणारं कुणी नाही, तरी बाबांनी दोनदा तो अर्धा तास नीट समजावून घेतला. पश्चिमेला मोठागाव-माणकोलीचा खाडीवरचा पूल झाल्यापासून तिकडचे एजंट डोंबिवलीबद्दल बोलायचंच विसरलेत. "ठाणे वीस मिनिटं!" डोंबिवलीत घर विकताना ते आधी ठाणं विकतात, मग नाशिक हायवे, आणि सगळ्यात शेवटी खोल्या दाखवतात.

खोल्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. रेरा कायदा महाराष्ट्रात मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला आणि तेव्हापासून बिल्डरला घर कार्पेट एरियावर विकावं लागतं, म्हणजे भिंतींच्या आत प्रत्यक्ष पाय ठेवता येतो तेवढ्यावर. त्याआधी सुपर बिल्टअप चालायचा. त्यात जिना, लिफ्ट, गच्चीवरची टाकी आणि वॉचमनची खुर्ची यांतला आपला वाटा धरलेला असे. कायदा बदलला, तोंडं बदलली नाहीत. "साडेसहाशेचा वन बीएचके," असं एजंट म्हणाला तेव्हा बायकोने पर्समधून मेजरिंग टेप काढला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. सराफाच्या दुकानात कुणी स्वतःचा तराजू घेऊन आला तर सराफाचा चेहरा जसा होईल, तसा तो झाला. चारशेच्या आतच टेप संपला. "हे कार्पेट झालं मॅडम," तो म्हणाला, "मी पूर्ण घराचं बोलतोय." उरलेलं पूर्ण घर कुठे आहे, हे आम्ही बराच वेळ शोधत होतो. लिफ्टसमोर थोडं सापडलं.

सॅम्पल फ्लॅट हा आणखी वेगळा प्रकार. तिथे सगळं प्रशस्त वाटतं, कारण दारं लावलेली नसतात आणि पलंग अशा मापाचा असतो की, त्यावर फक्त जाहिरातीतलं जोडपं झोपू शकेल. आई त्या पलंगावर बसली, आडवी झाली आणि म्हणाली, "पाय भाड्याने बाहेर ठेवावे लागतील." सेल्सची मुलगी गोड हसली. तिच्या मागच्या भिंतीवर इमारतीचं नाव सोनेरी अक्षरांत होतं, युरोपातल्या कुठल्याशा किनाऱ्याचं. जुन्या डोंबिवलीतल्या इमारतींना मातृछाया, गुरुकृपा, श्रमसाफल्य अशी नावं असत. घर कुणाच्या जिवावर झालं ते पाटीवरच समजायचं. आता कुणाच्या जिवावर झालं ते बँकेच्या मेसेजवरून कळतं, दर महिन्याच्या पाच तारखेला.

बँकेवरून आठवलं. घराची पारख करायची सोपी युक्ती मला मामाने शिकवली. एजंटला विचारायचं, "लोन कुणाचं होतं?" "सगळ्या बँकांचं होतं" म्हणाला तर पुढे बोलायचं. "आमच्या ओळखीची पतपेढी आहे, दोन दिवसांत करून देते" म्हणाला तर चहा संपवून उठायचं. कागदपत्रं तर बघायचीच. जाहिरातीतला महारेराचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करायचा, ओसी आहे का विचारायचं. पण कागदाने सगळं निभावतं असंही नाही. बनावट बांधकाम परवानग्यांवर रेरा नोंदणी मिळवलेल्या डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींवर २०२४ साली उच्च न्यायालयाने पाडकामाचा आदेश दिला. त्या इमारतींत राहणाऱ्यांनीही कागद बघितले होते, नोंदणी बघितली होती, आणि हप्तेही चालू होते. त्यानंतर बाबा कुठल्याही शिक्क्याकडे भिंगातून बघू लागले. काय बघताय विचारलं तर म्हणायचे, "शिक्का गोल आहे का ते."

शहराच्या कडेच्या २७ गावांची गोष्ट अशीच. ती १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये परत आली, आणि त्यानंतरही त्यांचा वाद मिटला असं कुणी छातीठोकपणे म्हणणार नाही. तिथे घर घेणारा माणूस जागेवरच असतो, पालिका ये-जा करते. पाण्याचं बिल कुणाला भरायचं हे तिथले जुने रहिवासी वाऱ्याची दिशा बघून ठरवतात, असं आमचा एजंट म्हणाला. तो हे तक्रारीच्या सुरात म्हणाला नाही, सोय म्हणून म्हणाला.

बाबांना झाडं हवी होती, म्हणून एमआयडीसीच्या निवासी भागातही जाऊन आलो. रुंद आखीव रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, बंगले, कोकिळा. बाबा खूश. मी एजंटला म्हटलं, इतकं छान असून भाव बरे कसे? त्याने गाडीची काच वर केली. रासायनिक कारखाने आणि घरं यांच्यामध्ये इथे फारसं काही उरलेलं नाही. २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला होता आणि २०२० मध्ये एक रस्ता गुलाबी झाला, तो बघायला स्वतः मुख्यमंत्री आले होते. रंग बघायला लोक येतात, वास मात्र रहिवाशांचा स्वतःचा. मे २०१६ आणि मे २०२४ मधल्या स्फोटांबद्दल विनोद करण्यासारखं काही नाही; त्या भागातल्या लोकांना अजून मोठ्या आवाजाने दचकायला होतं. बाबा झाडांकडे बघत परत गाडीत बसले आणि वाटेत म्हणाले, "कुंडीत लावू काहीतरी."

या सगळ्यात खरा सल्ला दिला तो आत्याने, पूर्व-पश्चिम बाजूला ठेवून. ती म्हणाली, घर रविवारी सकाळी कधीच बघू नये. रविवारी सकाळी प्रत्येक घर चांगलं असतं. पाऊस लागल्यावर बघावं, म्हणजे भिंत बोलते. पहाटे पाणी येतं त्या वेळी जिन्यात उभं राहावं, म्हणजे शेजारी कसे आहेत ते कळतं. आणि आठवड्यातल्या मधल्या दिवशी, कामावरून सुटल्यावर, गाडीतून उतरून त्या घरापर्यंत स्वतःच्या पायांनी जावं, हातात भाजीची पिशवी घेऊन. पोचल्यावर चिडचिड झाली नाही तर ते घर घ्यावं. हा सल्ला कुठल्याही गृहकर्ज माहितीपत्रकात छापलेला नाही.

बायकोने तो तंतोतंत पाळला. तिचं ऑफिस ठाण्याला, म्हणजे तिचा हिशेब माझ्यापेक्षा वेगळा. तिची गाडी स्लो, तिचा डबा लेडीज आणि तिला सोयीचा पूल मधला. मला मुंबई बाजूचा पूल हवा होता. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मतभेदाचा असा स्वच्छ मुद्दा पहिल्यांदाच निघाला. शेवटी मी म्हटलं, फलाटावरून पुढे चालत जाईन. हे वाक्य मी प्रेमाने बोललो होतो. तिने ते एजंटसमोर पुन्हा बोलायला लावलं, साक्षीदार म्हणून.

घर मिळालं ते पूर्वेला. जुनी इमारत, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. आत्या आठवडाभर बोलली नाही. सोसायटीच्या नावे जमिनीचं कन्व्हेयन्स झालेलं नाही, "प्रोसेसमध्ये आहे," असं सेक्रेटरी म्हणाले, आणि ज्या शांतपणे म्हणाले त्यावरून प्रोसेस त्यांच्या आधीच्या सेक्रेटरींच्या काळापासूनची असावी. त्यांनी माझी मुलाखतही घेतली. पगार, नोकरी, घरात माणसं किती, मासे करता का (करतो म्हटल्यावर "शुक्रवारी आमच्याकडेही पाठवा" म्हणाले), आणि सगळ्यात शेवटी, खुर्चीत पुढे सरकून, "गाडी कुठली?" साडेआठची फास्ट म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. आमचे विक्रेते काका त्याच गाडीचे.

काका निवृत्त झालेले, फ्लॅट विकून गुहागरला निघालेले. रजिस्ट्रेशनच्या दिवशी अंगठे उमटवून, फोटो काढून आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो आणि त्यांनी पिशवीतून एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. शेअर सर्टिफिकेट. शेवटचं लाइट बिल. गॅसचं पुस्तक. पंपाच्या खोलीची जादा किल्ली, "सेक्रेटरींना सांगू नका." दूधवाल्याचा नंबर, पेपरवाल्याचा नंबर, आणि माळ्यावर ठेवलेलं गणपतीचं मखर, हवं असेल तर. मी सगळं घेतलं. मग घसा साफ करून मूळ मुद्द्यावर आलो.

"काका, साडेआठच्या गाडीत तुमचा ग्रुप आहे ना? कल्याणचे दोघं जागा धरतात म्हणे."

"आहे ना. पुढचा डबा, डावीकडे दुसरी खिडकी. बावीस वर्षं बसलो."

"मग ती जागा आता..."

काकांनी पिशवीचं तोंड बांधलं. "ती जावयाला दिली हो," ते म्हणाले. "पण तो ठाण्याला उतरतो. ठाण्यापुढची हवी असेल तर शब्द टाकतो."